बापाची सही

आमचे चिरंजीव एकोणचाळीस वर्षांचे झाले आणि अजून त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. नाही सापडत तर माणसानं गपचूप अनवाणी फिरावं. पण नाही. त्या दिवशी सकाळी साडेनऊला, घड्या घालायच्या टेबलाशी माझ्या नऊ बाया उभ्या, इस्त्रीचा रोलर तापलेला, दवाखान्याच्या दोनशे चादरींचा ढीग पडलेला, आणि हा जिन्यावरून अर्ध्या चड्डीत खाली येऊन दारात उभा. दाढीत पांढरे केस, आणि छातीवर दात विचकणारं कसलं तरी कार्टुनातलं माकड.

"आई, माझे मोजे कुठायत गं?"

नऊच्या नऊ बायांनी माना खाली घातल्या. हसू दाबताना बाईचे खांदे कसे हलतात ते मला पाठीमागूनही कळतं.

"कपाटात बघ. खालच्या खणात."

"तिथे नाहीयेत."

"मग तुझ्या लेकीला विचार."

"ती शाळेत गेलीये ना!" असं वैतागून म्हणाला, की जणू पोरीनं शाळेत जाऊन याचं नुकसानच केलं.

मी पुढची चादर उचलली. धुलाईच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, माझ्या हातून गेलेली चादर डाग राहिला म्हणून कधी परत आली नाही, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई मला नमस्कार करतात. पण हा दारात उभा राहिला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. बाकी सगळ्या जगाला मी बोलते.

आणि जग तरी काय निराळं आहे? दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत. त्यातल्या एकाचा पांढरा कोट हरवला, तर त्याच्या आईनं मला फोन केला. लोकांची पोटं फाडून शिवणारा माणूस, आणि कोट कुठेय ते आई विचारते. पलीकडच्या हॉटेलातून सोमवारी टेबलावरची कापडं येतात, त्यांवर रंगीत केक फासलेला असतो. मी पहिल्यांदा समजले लहान मुलांचा वाढदिवस असेल. गाडीवाला म्हणाला, "नाही हो बाई, पंचेचाळिशीचा होता. फुगे फोडायला वाकला आणि कमरेत उसण भरली." सगळ्या बाया हसल्या. मी पण हसले. आपल्या घरात काय चाललंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

हा एकुलता एक. याची बायको, म्हणजे माझी सून, चार वर्षांपूर्वी गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पिशवी भरली आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना माझ्या ताब्यात कधी दिलंच नाहीत, त्यामुळे परत करायचा प्रश्न येत नाही." फटकळ आहे. मला तेव्हा तिचा संताप आला होता. ती दुसऱ्या गावी औषधांच्या गोदामात लागली, सुरुवातीला तीन बायकांत मिळून एका खोलीत राहायची, म्हणून पोरगी आमच्याकडेच राहिली. आता तिनं दोन खोल्या घेतल्या होत्या, जवळ शाळा बघून ठेवली होती, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फॉर्म पाठवला होता. त्यावर फक्त बापाची सही हवी होती. तो फॉर्म तीन आठवडे माझ्या कपाटात दोऱ्याच्या रिळांखाली पडून होता. सुनेचा फोन आला की मी म्हणायची, "बघते, त्याला सवड होऊ दे." नात मला द्यायची नव्हती.

नात बाराची. घड्या घालणाऱ्या बाया तिला "धाकट्या बाई" म्हणतात. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, चार कोपरे दोघींत धरून एकमेकींकडे चालत जायचं. ही माझ्यासमोर उभी राहिली की मला "ओढ गं" म्हणावं लागत नाही, तिचा कोपरा आधीच ताणलेला असतो. कोणत्या गिऱ्हाइकाची खूण कोणत्या रंगाच्या दोऱ्याची, ते तिला माझ्याइतकं पाठ. मी लोकांना कौतुकानं सांगायची, पोर कशी वयापेक्षा शहाणी आहे. कौतुक कसलं, डोळ्यांवर झापड होती माझ्या.

मोज्यांच्या त्याच दिवशी अकरा वाजता बॉयलरचे तपासनीस आले. आमचा सगळा कारभार वाफेवर चालतो. बॉयलर सकाळी सहाला पेटवावा लागतो, तेव्हा कुठे आठपर्यंत रोलर तापतो. आठला पगारी बॉयलरवाला येतो. सहा ते आठ मी गाडीबरोबर दवाखान्याचे कपडे आणायला जाते, म्हणून तेवढे दोन तास बॉयलर चिरंजीवांकडे. दिवसातले दोन तास, याहून जास्त मी त्याच्याकडे काही मागितलेलं नाही. आमच्या ह्यांचा नियम असा, की पेटलेल्या बॉयलरसमोरून माणूस हलत नाही. आतलं पाणी बाहेरून दाखवणारी पाण्याची काच असते, तिच्यात पाणी अर्ध्याच्या खाली गेलं आणि बघायला कोणी नसलं, तर आमचा काय, शेजारच्यांचाही कोळसा व्हायचा. ह्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत वाफेचा चट्टा होता, मरेपर्यंत. दर अर्ध्या तासाला वहीत दाब लिहायचा, पाणी लिहायचं, सही करायची.

तपासनीस म्हणजे चांगल्या चहालाही चांगला न म्हणणारा माणूस. त्यांनी वहीची पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाच्या सकाळच्या नोंदी फार व्यवस्थित आहेत. एकही चुकलेली नाही. बॉयलरवाल्याला दाखवा, कसं लिहायचं ते."

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. त्यांना दुसरा चहा पाजला. ते गेल्यावर बायांपुढे मिरवायला म्हणून वही घेतली, चष्मा लावला.

मी चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षर आलं की अडखळते. पण माझ्या मुलाची सही मला कोणी शिकवायला नको, कारण ती सही माझीच आहे. तो सोळा वर्षांचा असताना परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती आणि हा रुसून पांघरूण घेऊन पडला होता. "नाही देणार परीक्षा." ह्यांना कळलं असतं तर पट्टा निघाला असता. मी फॉर्म घेतला आणि मुलाच्या नावाची सही ठोकली. आधी मोठ्या पोटाचं एक अक्षर, मग जोडाक्षर टाळायला दोरीवर चादर टाकल्यासारखी लांब रेघ, आणि रेघेखाली दोन ठिपके. पुढच्या कागदाला मागच्याशी जुळणारी सही लागली, ती पुन्हा मीच केली. मग कॉलेज, नोकरीचे अर्ज, नोकरी सोडल्याचे अर्ज, पोरीच्या शाळेचा प्रवेश, सगळीकडे माझी रेघ आणि माझे ठिपके. लग्नाच्या वहीत तेवढी त्यानं स्वतः केली होती. ती टिकली नाही.

वहीतही तीच सही होती. पण माझे ठिपके पेनानं टोचल्यासारखे असतात. इथे सकाळी सहा ते आठचे ठिपके गोल होते, नीट भरलेले. आणि सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी काडी. तशी काडी आमच्या घरात एकच जण देतं, कारण तिच्या गणिताच्या बाईंनी सांगितलंय.

मी मागची पानं उलटत गेले. वही आठ महिन्यांची होती. पहिल्या पानावरही काडी होती. त्याआधीची वही फळीवर होती, ती काढायला माझा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर मी इस्त्रीवाल्या काकांना पाठवलं. हे काका ह्यांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. जाताना माझ्याकडे बघायचं टाळत होते, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी बॉयलरच्या खोलीत मळक्या चादरींच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसले. सहाला पाच कमी असताना ती आली. शाळेचा गणवेश घातलेला, त्यावर माझा जुना ॲप्रन, दोन्ही वेण्या मागे बांधलेल्या, म्हणजे कशात अडकू नयेत. साबणाचा रिकामा खोका उलटा करून त्यावर चढली, तेव्हा कुठे तिची नजर पाण्याच्या काचेला भिडली. बटण दाबलं. ज्योत धरली की नाही ते भोकातून वाकून पाहिलं. मग खोक्यावर बसून एका हातानं पाव खात दुसऱ्या हातानं शाळेचं पुस्तक धरलं, आणि दर ओळीला मान वर. एक ओळ पुस्तक, एक नजर काच.

साडेसहाला तिनं सही केल्यावर मी उठले.

"कधीपासून?"

ती दचकली. पण दचकून आधी काचेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बॉयलरसमोर कसं दचकायचं ते तिला येत होतं.

"आजी, बाबाला ओरडू नकोस."

"कधीपासून ते विचारलं मी."

"चौथीच्या सुट्टीपासून." आता ती सातवीत. "त्याला झोप येते गं. रात्री त्यांची टीम फोनवर गेम खेळते ना, मधेच उठून गेलं तर सगळे हरतात."

"काकांनी शिकवलं तुला?"

"फक्त वाफ कशी सोडायची तेवढं. त्यांना पण बोलू नकोस, मीच शपथ घातली होती. बाकी मी बघून बघून शिकले."

"आणि सही?"

"ती तर तुझी बघून. माझ्या प्रगतिपुस्तकावर करतेस तशी."

मी गठ्ठ्यावर परत बसले.  म्हटलं, "तुझी आई बोलावतेय. तुला माहितेय?"

"हो. आईनं मला फोनवर सांगितलंय."

"मग? जायचंय तुला?"

तिनं खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, एखाद्या बाईसारखा. "मी गेले तर सहाला कोण उभं राहील? आईचं माझ्यावाचून अडत नाही आजी. बाबाचं अडतं."

हेच शब्द मी सुनेला फोनवर ऐकवत आले होते. पोरीनं भिंतीपलीकडून ऐकले असणार. माझ्या तोंडात होते तेव्हा मला ते चांगले वाटायचे.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता चिरंजीव उठून दुधात पाव बुडवून खात होते. डाव्या हातात फोन. मी वही त्याच्या बशीशेजारी आपटली.

"पाच मिनिटं आई, हे संपू दे, मग मार."

मी फोन काढून घेतला. त्यानं वही पाहिली आणि त्याला कळलं. लाजला, मग हसला. लहानपणी बरणी फोडली की असाच हसायचा.

"अगं, हौस आहे तिला! मी नव्हतं सांगितलं. एकदा मला जाग आली नाही, ती उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही उभी राहिली. मग म्हटलं, तिला मजा येतेय तर येऊ दे."

"बॉयलर फुटला असता तर?"

"फुटला का?"

"तुझी लेक आहे ती!"

"आम्ही फ्रेंड्स आहोत, आई." आता तो गंभीर झाला. "बाबा खोलीत आले की मी पलंगाखाली जायचो, आठवतंय का तुला? मला तसला बाप व्हायचंच नव्हतं. माझी पोर मला घाबरत नाही. एवढं तरी बरोबर केलं ना मी?"

"मैत्रिणी तिला शाळेत भरपूर आहेत. बाप तिला एकच होता."

 मी रिळांखालचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. पेन ठेवलं. म्हटलं, "ती आईकडे जातेय. शनिवारी तिकडच्या शाळेचा प्रवेश बंद होतो. ही सही मी करणार नाही. बाप तू आहेस."

त्यानं कागद वाचला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. त्याचं काहीच कधी खोटं नसतं, तिथेच माझं घोडं अडलेलं आहे. मनगटानं नाक पुसलं आणि सही केली, स्वतःच्या हातानं, पूर्ण नाव, शाळकरी पोरासारखं सुटं सुटं. मग म्हणाला, "मीच नेऊन देतो. मी स्वतः येतो शाळेत."

माझ्या मनात आशा आली, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले. मोजेही सापडले. आम्ही तिघं शाळेत गेलो, मी, तो आणि पोरगी. वाटेत त्यानं तिचं दप्तर घेतलं. मला वाटलं, एवढ्या उशिरानं का होईना.

शाळेच्या कचेरीतल्या कारकूनबाईंनी जुनी फाईल काढली, फॉर्म शेजारी ठेवला, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"सही जुळत नाही."

"म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे वडलांची सही लागते. ही त्यांची नाही."

"अहो, मीच आहे वडील!"

"मग ही कुणाची?" त्यांनी फाईल आमच्याकडे फिरवली. माझं पोटाचं अक्षर, माझी लांब रेघ, माझे दोन ठिपके. खाली लिहिलेलं, वडील.

 तो माझ्याकडे बघू लागला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. एवढ्यात पोरीचा आवाज आला, अगदी शांत, "बाबाच्या अंगठ्याला लागलंय ना, म्हणून आज वेगळी आली. नेहमी अशीच करतो तो." पापणी हलली नाही तिची. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला बारा वर्षांच्या पोरीनं पाठीशी घातलं आणि स्वतः पुढे उभी राहिली, आणि त्या माणसाला हायसं वाटलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

कारकूनबाई काही मूर्ख नव्हत्या. पण बाईमाणूस, पोरीकडे बघून नरमल्या. कोरा फॉर्म दिला. "अंगठा बरा झाला की फाईलसारखी सही करून शनिवारच्या आत आणा. नाहीतर वकिलाकडून लिहून आणावं लागेल, त्याला महिना जातो." मग त्याला म्हणाल्या, "पालकसभेला तुम्हाला कधी बघितलं नाही, म्हणून विचारलं. राग मानू नका."

बाहेर रस्त्यावर आल्यावर तो हसायला लागला. "काय जोक आहे यार! मीच माझा डुप्लिकेट निघालो." फॉर्मचा फोटो काढून त्यानं टीमला पाठवला. लगेच टिंग टिंग वाजायला लागलं, आणि तो वाचत वाचत आमच्या मागे राहिला. दप्तर पोरीच्या पाठीवर कधी परत गेलं ते मला कळलं नाही.

संध्याकाळी बाया गेल्यावर पोरीनं घड्यांच्या टेबलावर गिऱ्हाइकांच्या जुन्या चिठ्ठ्यांचे पाठकोरे कागद मांडले. एका कागदावर माझी सही मोठी करून काढली. बापाला खुर्चीवर बसवलं, स्वतः मागे उभी राहिली आणि त्याचा हात आपल्या हातात धरला. एवढासा हात, त्यात त्याचा पंजा मावेना.

"आधी पोट, बाबा. पोट मोठं. आता दोरी. मधे थांबायचं नाही. हं. आता दोन ठिपके."

त्यानं एका पोटाच्या अक्षराला मिशा काढल्या. ती हसली. खळखळून हसली, बारा वर्षांच्या पोरीसारखी, आणि मला कळलं की असं हसू तिला या घरात फक्त तोच देतो. मी तिला काय दिलं, तर ताणून धरायला चादरीचा कोपरा.

पाच झाल्या, सहा झाल्या. सातवी जरा बरी आली. तेवढ्यात फोन थरथरला.

"दहा मिनिटं हं, सगळे थांबलेत."

"बाबा, अजून चारच. जमतंय तुला."

"अगं तूच मार ना! तुला माझ्यापेक्षा छान येते." तिच्या डोक्यावर टपली मारून दोन दोन पायऱ्या चढत तो वर गेला. वरून कोणालातरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "आलो रे, आलो!"

 पोरीनं वाकडेतिकडे कागद गोळा केले, खरा फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. बॉयलरच्या वहीपुढे बसते तशीच बसली होती.

मी तिच्या हातातून पेन घेतलं.

"या कागदावर तू नाही."

"पण आजी, शनिवार..."

"तू नाही म्हटलं ना. सरक तिकडे."

पोट काढलं, दोरी ओढली. पेनानं दोन ठिपके टोचले. हुबेहूब जुळली. कारकूनबाईंनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता शिक्का मारला.

"आजी, आणि मग बाबाचं काय?" पोरीनं विचारलं.

"बाबाला या जगात मी आणलंय. तू नाही."

पोरगी जाईपर्यंत सहाला बॉयलरपुढे मीच उभी राहिले. रविवारी सकाळी सून बसच्या थांब्यावर आली. घरी आली नाही, मीही आग्रह केला नाही. मला म्हणाली, "तुम्ही सोडाल असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "तिला सकाळी झोपू देत जा. शाळेला उशीर झाला तरी चालेल." तिला काही कळलं नाही. मी सांगितलंही नाही, तोंड कुठे होतं मला.

पोरीनं जाताना माझ्या हातात एक कागद दिला. तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेला. बाबाला तीनदा हाक मारायची, तिसरीला पांघरूण ओढायचं. त्याच्या दाताचं औषध आरशामागे. तो चिडला तर दहा मिनिटं बोलायचं नाही, मग आपोआप येतो. सहाच्या आत पाण्याची काच पुसायची. असं पानभर. मी जोडाक्षरं लावत लावत सगळं वाचलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. बस निघाली तसा तिचा बाप बसच्या बाजूनं धावत सुटला, हात हलवत, तोंडं वेडीवाकडी करत. लोक हसत होते. खिडकीत पोरगी हसत नव्हती. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा रडून सुजलेला होता.

सोमवारी मी त्याला हाक मारली नाही. गाडी काकांबरोबर पाठवली आणि बॉयलरच्या खोलीत त्या साबणाच्या खोक्यावर बसून राहिले. सहा वाजले, साडेसहा, सात. वहीचं पान कोरं. वर जिन्यावर पाऊल नाही. मला पेटवता आला असता, ह्यांच्यामागे मी किती वर्षं पेटवलाय. हात मांडीखाली दाबून बसले. आठला बॉयलरवाला आला, थंड बॉयलरला हात लावून माझ्याकडे पाहिलं, आणि न विचारता कामाला लागला. दवाखान्यातून फोन आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलं, चादरी आज उशिरा येतील.

साडेनऊला तो दारात उभा. तेच माकड छातीवर. नऊ बाया टेबलाशी रिकाम्या हातानं उभ्या, रोलर अजून कोमट.

"आई, आज मला कोणी उठवलंच नाही गं."

बाया हसल्या नाहीत. एकीचाही खांदा हलला नाही. माझी जीभ आज टाळ्याला चिकटली नाही. मी वही उघडून, कोरं पान वर करून, टेबलावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत त्याला म्हटलं:

"उठवणारी गेली. आणि आता मीही उठवणार नाही. ऐक नीट. तू वाईट नाहीस. वाईट असतास तर तुला घराबाहेर काढून मी सुटले असते. तू मोठाच झाला नाहीस, आणि तुला होऊ दिलं नाही ते मी. तुझ्या बापाच्या धाकानं म्हण, माझ्या हौसेनं म्हण. तुझ्या वाटणीचं सगळं मी जगून टाकलं, तुझ्या नावाची सहीसुद्धा माझी. तुला काही उरलं नाही, मग तू पोरीचं घ्यायला लागलास. तिचं मी तुझ्या हातून सोडवून पाठवलं. उद्या सहाला हा पेटला नाही तर थंड राहील. चादरी जातील, गिऱ्हाईक जाईल, या बाया दुसरीकडे काम बघतील. पण या वहीत तुझं नाव आता मी लिहिणार नाही. उठलास तर चांगलंच. मला वाटत नाही तू उठशील."